विक्रेता परदेशात असला, तरी पैसा आपल्याच दारातून जातो : केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला खुले पत्र

प्रति,
मा. मुख्य आयुक्त,
केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण,
नवी दिल्ली.

विषय : परदेशी संकेतस्थळांवरील खरेदी आणि परदेशी डिजिटल सेवा यांबाबतच्या ग्राहक-तक्रारी.

महोदय,

स. न. वि. वि.

मी ठाण्यात नौपाड्यात राहते. बँकेतली नोकरी संपल्यापासून आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर लोकांना तक्रारअर्ज लिहून देते. पूर्वी अर्ज असायचे ते बिल्डरने ताबा न दिल्याचे, वॉरंटीतला फ्रिज दुरुस्त न केल्याचे, विम्याचा दावा फेटाळल्याचे. त्या अर्जांत समोरच्याचा पत्ता मात्र पक्का असे. पत्ता असला की नोटीस जाते, नोटीस गेली की बहुतेक वेळा काहीतरी उत्तर येते, आणि नाहीच आले तर ठाणे जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ता मोकळा असतो. अलीकडच्या अर्जांत अर्जदार असतो, ऑर्डरची पावती असते, पैसे गेल्याचा बँकेचा मेसेज असतो. ‘विरुद्ध’ या शब्दापुढे कुणाचे नाव लिहायचे, ते मात्र कुणालाच ठाऊक नसते.

घोडबंदर रोडला राहणाऱ्या एका आजोबांचे प्रकरण सांगते, कारण बाकीची बरीचशी त्याच वळणाने जातात. मोबाइलवर कानाच्या यंत्राची जाहिरात आली. जाहिरात मराठीत, बोलणारी बाई अस्खलित मराठी बोलणारी. ‘आजच्या दिवस निम्म्या किमतीत’ असे घड्याळ खाली टिकटिकत होते. आजोबांनी मुलाच्या क्रेडिट कार्डावरून ऑर्डर दिली. मेसेज आला तेव्हा कळले की पैसे डॉलरमध्ये कापले गेले आणि बँकेचे परकीय चलनाचे शुल्क वर लागले. पार्सल आले त्यात कानाचे यंत्र नव्हतेच. आवाज नुसता मोठा करणारे एक स्वस्त उपकरण होते. तक्रारीचा ईमेल पाठवल्यावर विक्रेत्याने सांगितले, वस्तू ठेवून घ्या, आम्ही १५ टक्के परत देतो. नाही म्हटल्यावर २५ टक्के. पुन्हा नाही म्हटल्यावर : वस्तू परत पाठवा, परदेशातल्या गोदामात, स्वखर्चाने, ट्रॅकिंगसह. कुरिअरवाल्याला विचारले, तर पाठवणीचा खर्च वस्तूच्या किमतीपेक्षा जास्त निघाला.

ही घासाघीस मी आता इतक्या लोकांच्या ईमेलमध्ये पाहिली आहे की ती सहज घडत नाही, ठरवून केली जाते, अशी माझी खात्री झाली आहे. प्रत्येक ईमेलचे उत्तर तीन-चार दिवसांनी येते. ग्राहक सभ्यपणे वाट पाहतो. आणि तेवढ्यात कार्डाच्या वादाची मुदत संपत येते.

त्या मुदतीबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण सगळे इथेच अडते. रिझर्व्ह बँकेचे ६ जुलै २०१७ चे परिपत्रक ग्राहकांच्या बाजूचे आहे. अनधिकृत व्यवहारात दोष बँकेचा वा ग्राहकाचा नसून यंत्रणेत अन्यत्र असेल, आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवले, तर त्याच्यावर काहीच भार येत नाही. पण आजोबांचा व्यवहार अनधिकृत नाही. कार्डाचा नंबर त्यांच्याच मुलाने घातला. बँकेत गेले की उत्तर ठरलेले : ‘व्यवहाराला तुम्हीच संमती दिली आहे.’ मग उरतो चार्जबॅक. व्हिसा, मास्टरकार्ड यांच्या नियमांत माल न मिळणे, वर्णनाप्रमाणे नसणे, रद्द केलेल्या वर्गणीचे पैसे कापले जाणे, या सर्वांसाठी रक्कम उलटी मागण्याची सोय आहे. मालाच्या वादांत मुदत बहुधा १२० दिवसांची असते. मात्र ही सोय कार्ड कंपन्यांच्या आपसातल्या नियमांत आहे. ग्राहकाच्या हातात त्याचा कायदेशीर हक्क म्हणून ती नाही. शाखेतल्या काउंटरवर विचारले, तर बऱ्याचदा त्या कर्मचाऱ्यालाच तिची नीट माहिती नसते. फॉर्म इंग्रजीत, पुरावे कोणते लागतात ते कुठे लिहिलेले नाही, आणि नकार आला तर कारण एका ओळीचे. मी आयुष्यभर बँकेत काम केले आहे, म्हणून हे बोलण्याचा मला अधिकार आहे असे समजते : परदेशी विक्रेत्याने फसवलेल्या सामान्य माणसाला आज खरोखर पैसे परत मिळवून देऊ शकेल असा हा एकच रस्ता आहे, आणि तोच सर्वांत जास्त अंधारात आहे.

कायद्याने काही केलेलेच नाही, असे मी म्हणणार नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मुळे ग्राहक जिथे राहतो तिथेच तक्रार दाखल करू शकतो. ठाण्याच्या माणसाला दिल्ली-बंगळुरूला जावे लागत नाही, ही मोठी गोष्ट आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही. अर्ज ऑनलाइन भरता येतो. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत तर स्पष्ट लिहिले आहे की भारतात स्थापन न झालेली, पण भारतीय ग्राहकांना पद्धतशीरपणे वस्तू वा सेवा देणारी संस्थाही या नियमांखाली येते. तिने आपले कायदेशीर नाव आणि पत्ता दाखवायचा, तक्रार अधिकारी नेमायचा, ४८ तासांत पोच द्यायची, महिन्याभरात तक्रार सोडवायची. मे २०२१ च्या दुरुस्तीनंतर कंपन्यांना, आणि त्यांत कायद्याच्या व्याख्येत बसणाऱ्या परदेशी कंपन्यांनाही, भारतात राहणारा नोडल अधिकारी, म्हणजे संपर्कासाठीचा जबाबदार माणूस, नेमणे बंधनकारक आहे.

नियम चांगले आहेत. पण ज्या विक्रेत्याला पत्ताच नाही, त्याच्यावर ते बजावायचे कसे? आयोगाने आदेश दिला आणि तो पाळला नाही, तर कैद आणि दंडाची तरतूद आहे, पण तो माणूस इथे असेल तर ना. आजोबांच्या अर्जात मी संकेतस्थळाचे नाव ‘विरुद्ध’ म्हणून लिहिले. महिन्याभरात ते संकेतस्थळ बंद झाले आणि तीच जाहिरात, तीच बाई, तेच घड्याळ वेगळ्या नावाने पुन्हा सुरू झाले.

म्हणून माझे म्हणणे असे आहे. विक्रेता कुठे आहे ते शोधत बसू नका. तो जिथे कुठे असेल, त्याला मिळणारा पैसा आणि त्याने पाठवलेला माल भारतातल्या दारांतूनच ये-जा करतो, आणि या दारांवर परवाना घेतलेले, नाव-पत्ता असलेले लोक उभे आहेत. जबाबदारी तिथे टाका.

हे होऊ शकते, याचा पुरावा आपल्याकडेच आहे. कार्डावरून आपोआप कापल्या जाणाऱ्या वर्गण्यांसाठी रिझर्व्ह बँकेने घालून दिलेली चौकट १ ऑक्टोबर २०२१ पासून सक्तीची झाली, देशी आणि परदेशी दोन्ही व्यवहारांना. पैसे कापण्याआधी किमान २४ तास सूचना द्यायची, ग्राहकाला ती वर्गणी थांबवण्याची सोय द्यायची, ठराविक रकमेपुढे पुन्हा संमती घ्यायची. तेव्हा किती गोंधळ झाला ते मला चांगले आठवते. परदेशी सेवांची वर्गणी कापली जाईना, मुले वैतागून माझ्याकडे यायची. जगातल्या बलाढ्य कंपन्यांनी कुरकुर केली, मुदती मागितल्या, आणि शेवटी आपली यंत्रणा बदलली. त्यांना कुणी न्यायालयात खेचले नव्हते. पैशाचे दार बंद झाले, तेवढे पुरेसे होते.

आता दुसरे दार पाहा. परदेशी खरेदीचे पैसे गोळा करून बाहेर पाठवणाऱ्या मध्यस्थ संस्थांसाठी रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी स्वतंत्र नियम आणले. अशा संस्थेला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागते आणि आपण कोणत्या व्यापाऱ्याला जोडून घेतो त्याची पडताळणी तिने करायची असते. म्हणजे बऱ्याच व्यवहारांत विक्रेता कोण, हे भारतातल्या कुणाला तरी माहीत असते, माहीत असायलाच हवे. माहीत नसते ते फक्त ग्राहकाला. आपण आणि रिझर्व्ह बँकेने मिळून एवढे केले तरी माझ्या अर्जांतली रिकामी जागा भरेल : व्यवहाराच्या मेसेजमध्ये आणि महिन्याच्या हिशेबपत्रकात विक्रेत्याचे खरे नाव, देश आणि तक्रारीचा पत्ता छापला जावा. आज तिथे काही इंग्रजी अक्षरे आणि आकडे असतात, ज्यांवरून काहीही बोध होत नाही. आणि एखाद्या व्यापाऱ्याविरुद्ध सारख्याच तक्रारी येऊ लागल्या, तर त्याचे पुढचे पैसे चौकशी होईपर्यंत मध्यस्थाकडे थांबावेत.

रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये पडताळणीबाबत जे निर्देश काढले, त्यांत परदेशी व्यापाऱ्याने मागितल्यास कार्डाची दुसरी पडताळणी करण्याची व्यवस्था बँकांनी १ ऑक्टोबर २०२६ पर्यंत उभारायची आहे. त्याचे स्वागतच आहे. पण ओटीपीमुळे पैसे देणारा खरा आहे एवढेच सिद्ध होते. घेणारा कोण, हे त्यातून कळत नाही.

तिसरे दार कराचे, आणि याबद्दल मला मनापासून वाईट वाटते. परदेशी कंपनीने भारतातल्या सामान्य ग्राहकाला ऑनलाइन सेवा विकली, मग ती अॅपची वर्गणी असो, क्लाउडची जागा असो वा रेकॉर्ड केलेला अभ्यासक्रम, तर तिला इथे जीएसटी भरावा लागतो. बहुतेक सेवांवर १८ टक्के. त्यासाठी तिने नोंदणी करायची, इथे अस्तित्व नसेल तर भारतात कुणाला तरी प्रतिनिधी नेमायचे, दर महिन्याला विवरणपत्र भरायचे. म्हणजे भारत सरकारला कर हवा असतो तेव्हा परदेशी कंपनीचा भारतातला माणूस सापडतो. तीच कंपनी, तोच ग्राहक, तीच पावती. पण ऐरोलीतल्या एका मुलीला वर्गणी रद्द करायची असते तेव्हा तिच्या हाती नुसता एक चॅटबॉट येतो. कर विभागाकडच्या या नोंदवहीतून कंपनीचे नाव आणि प्रतिनिधीचा पत्ता आपल्या प्राधिकरणाला मिळावा, आणि नोंदणीच्या वेळीच ग्राहक-तक्रारींसाठी भारतातला पत्ता देणे सक्तीचे व्हावे. नवे कार्यालय लागणार नाही, नवा कर लागणार नाही. दोन मंत्रालयांनी एकमेकांना कागद द्यायचा आहे.

या ऐरोलीच्या मुलीचे प्रकरणही आपल्याच कक्षेतले आहे. तिने भाषा शिकवणारे एक परदेशी अॅप सात दिवस मोफत म्हणून घेतले. वर्गणी घ्यायला एक बटण होते. रद्द करायला एकामागून एक पाने, दर पानावर ‘खरेच जाणार का?’ असा प्रश्न, आणि शेवटी ‘ईमेल पाठवा’. आपण ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अधिसूचित केलेल्या मार्गदर्शक सूचनांत अशा १३ क्लृप्त्यांची यादी आहे. वर्गणीचा सापळा त्यात आहे, खोटी घाई आहे, टोपलीत गुपचूप वस्तू सरकवणे आहे, किंमत थेंबाथेंबाने वाढवणे आहे. आजोबांच्या जाहिरातीतले घड्याळ म्हणजे खोटी घाईच. त्या सूचना भारतीय ग्राहकांना माल वा सेवा देणाऱ्या सर्व मंचांना लागू आहेत. पण परदेशी अॅपविरुद्ध त्यांचा वापर झाल्याचे ग्राहकाला दिसले पाहिजे. एका बड्या परदेशी कंपनीविरुद्ध आपण स्वतःहून चौकशी सुरू करा आणि तिचा निकाल मराठीसह भारतीय भाषांत प्रसिद्ध करा. सूचनांच्या शंभर पत्रकांपेक्षा त्याने जास्त फरक पडेल.

पार्सलच्या दाराबद्दल. वैयक्तिक वापरासाठी परदेशातून वस्तू मागवली की कस्टम्समधून ती सोडवायला कुरिअर कंपनी ग्राहकाचे ओळखपत्र मागते. आधारची प्रत द्यावी लागते, कधी कधी नुसत्या एका लिंकवर. पाठवणाऱ्याबद्दल विचारले तर बिलावर बहुधा वाहतूक कंपनीचे नाव असते, विक्रेत्याचे नसते. ग्राहकाने आपली पूर्ण ओळख द्यायची आणि विक्रेत्याने काहीच नाही, हा व्यवहार उलटा आहे. याच गोंधळाचा फायदा भामटे घेतात. ‘तुमचे पार्सल कस्टम्समध्ये अडकले आहे’, ‘पत्ता अपुरा आहे, इथे २५ रुपये भरा’, असे टपाल खात्याच्या किंवा कस्टम्सच्या नावाचे मेसेज आमच्या कट्ट्यावर जवळपास प्रत्येकाला येऊन गेले आहेत. नोव्हेंबर २०१९ पासून कस्टम्सच्या अधिकृत पत्रव्यवहारावर ओळख क्रमांक असतो आणि तो अप्रत्यक्ष कर मंडळाच्या संकेतस्थळावर तपासता येतो. किती लोकांना हे माहीत आहे? मी कट्ट्यावर विचारले तेव्हा एकही हात वर आला नाही. पैसे गेल्यावर १९३० या सायबर-फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा हे आता बऱ्याच जणांना कळले आहे. पैसे जाण्याआधी काय तपासायचे, ते त्याच चिकाटीने सांगायला हवे.

आणखी एक गोष्ट. बऱ्याचदा हे ‘परदेशी’ पार्सल परदेशातून आलेलेच नसते. माल न्हावा शेवा बंदरात कंटेनरने उतरतो, आमच्या ठाणे जिल्ह्यातल्याच कुठल्यातरी गोदामात जातो आणि तिथून कॅश ऑन डिलिव्हरीने घरी येतो. पाकिटावरचा पिनकोड भिवंडीच्या बाजूचा असतो. अशा मालाच्या वेष्टनावर आयातदाराचे नाव-पत्ता, मूळ देश, कमाल किंमत आणि ग्राहक-संपर्क छापणे २०११ च्या वेष्टित वस्तू नियमांनी सक्तीचे आहे. माझ्याकडे आलेल्या खोक्यांवर यातले काहीच नव्हते. इथे परदेशी सरकारची मदत लागत नाही. राज्याच्या वैधमापन (वजन-मापे तपासणाऱ्या) यंत्रणेने आणि आपण मिळून गोदामे तपासा. ठाणे जिल्ह्यातून सुरुवात केलीत तर सर्वांत आधी इथेच सापडेल.

महोदय, मी फक्त खरेदीदारांच्या बाजूने बोलत नाही. आमच्या नौपाड्यात, डोंबिवलीत, कितीतरी बायका दिवाळीचा फराळ, पापड, मसाले, गोधड्या परदेशी पाठवतात. आधी मुला-सुनांना पाठवायच्या, मग त्यांच्या मैत्रिणींनी मागवले, मग ऑर्डरी सुरू झाल्या. टपाल खात्याच्या डाकघर निर्यात केंद्रांनी त्यांना आधार दिला. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने लहान पार्सलांची करमाफी काढून घेतली, आपली टपाल सेवा तिकडची बहुतेक पार्सले घेईनाशी झाली आणि ऑक्टोबरच्या मध्यात ती पुन्हा सुरू झाली, दिवाळी अगदी तोंडावर आली असताना. त्या काळात ग्राहकांना काय सांगायचे, ऑर्डर कुठे अडकली, पैसे परत द्यायचे तर कसे, हे या बायकांना सांगणारे कुणी नव्हते. न्यू जर्सीतल्या ग्राहकाला ठाण्याच्या चकलीवर भरवसा वाटावा, यासाठी लागणाऱ्या गोष्टी आजोबांना लागणाऱ्या गोष्टींसारख्याच आहेत : खरे नाव, खरा पत्ता, परतीची सोय, वाद झाला तर ऐकून घेणारा कुणीतरी. मुंबई ग्राहक पंचायतीने १९७५ पासून महिन्याचे वाणसामान एकत्र खरेदी करून घरोघरच्या संघांत वाटले; माल निवडून घेतला, वजन तपासले, तक्रार आली तर ऐकली. आमच्या पिढीला भरवसा असाच मिळाला. पंचायतीसारख्या संस्थांना या लहान विक्रेत्यांची पडताळणी करण्याच्या कामात अधिकृत स्थान द्यावे, असे मला वाटते.

परदेशी यंत्रणांशी करार करण्याचे काम मात्र आपल्याशिवाय कुणी करू शकत नाही. युरोपात २००५ पासून ग्राहक केंद्रांचे जाळे आहे; एका देशातल्या माणसाचा दुसऱ्या देशातल्या विक्रेत्याशी वाद झाला, तर त्याला आपल्या देशातल्या केंद्राकडून मोफत मदत मिळते. अमेरिकेने २००६ मध्ये खास कायदा करून आपल्या व्यापार आयोगाला परदेशी यंत्रणांशी माहितीची देवाणघेवाण करण्याची मुभा दिली. संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत म्हटले आहे की ऑनलाइन ग्राहकाला मिळणारे संरक्षण इतर व्यापारातल्यापेक्षा कमी नसावे. आपण सध्या अनेक देशांशी व्यापार करार करत आहोत. त्या वाटाघाटींत ग्राहकांच्या तक्रारींची देवाणघेवाण हे कलम आग्रहाने घाला. आणि यूपीआय परदेशात जात असताना, त्यावरून परदेशी खरेदी सर्रास होण्याआधी वाद सोडवण्याची पद्धत ठरवा.

तोपर्यंत एक काम लगेच होण्यासारखे आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर, परदेशी विक्रेत्यांच्या तक्रारींसाठी वेगळा विभाग ठेवा. तिथे मराठीत बोलणाऱ्या माणसाने फोन करणाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगावे की चार्जबॅकची मुदत चालू आहे, विक्रेत्याच्या टक्केवारीच्या घासाघिशीत अडकू नका, हे पाच कागद जमवा आणि बँकेकडे लेखी द्या. बँकेने फेटाळले तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे कसे जायचे तेही सांगावे. आणि चार्जबॅक मागण्याचा हक्क, त्याची मुदत आणि नकाराचे लेखी कारण देण्याचे बंधन नियमात लिहून घेण्यासाठी आपण रिझर्व्ह बँकेकडे पाठपुरावा करावा.

या मुद्द्यांवर आपण नियमांचा मसुदा काढाल तेव्हा तो मराठीतही काढा आणि हरकतींसाठी पुरेसे दिवस ठेवा. आमच्या कट्ट्यावरच्या लोकांच्या हरकती आणि त्यांची कागदपत्रे, त्यांच्या संमतीने, मी एकत्र करून पाठवीन. आजोबांची फाइल त्यात पहिली असेल.

कळावे,

आपली,
ठाण्यातील एक ग्राहक
नौपाडा, ठाणे (पश्चिम)

प्रत माहितीसाठी : गव्हर्नर, भारतीय रिझर्व्ह बँक, मुंबई, नियंत्रक, वैधमापन शास्त्र, महाराष्ट्र राज्य.